उजव्या कानाची तक्रार

"नाही विकत म्हटलं ना? म्हणजे नाही!"

"अहो मावशी, पैसे देऊन मागतेय. फुकट मागतेय का?"

"सोन्याची वीट आणलीस तरी तो डबा खाली येणार नाही."

"मग वर मांडून कशाला ठेवलाय? नैवेद्य दाखवायला?"

"शोभेला."

"दुकानात शोभेला माल ठेवतं का कुणी?"

"मी ठेवते. दुकान माझं, फळी माझी, आणि वर तोंड करून तुझ्याशी बोलताना दुखतेय ती मानही माझीच. बस त्या स्टुलावर. उंच पोरी उभ्यानं भांडल्या की मला जड जातं."

सोल शहरातल्या योंगसान बाजाराच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, सरकता जिना बंद पडून जिथे नुसता जिना उरलाय, त्याच्या तोंडाशीच प्यो मालसुकचं दुकान आहे. दुकान कसलं, काचेचं एक कपाट, मागे चार फळ्या आणि मधे एक बाई जेमतेम मावेल एवढी जागा. फळ्यांवर हेडफोनच हेडफोन. समोरच्या गाळ्यात कीबोर्ड विकणारा योम शेठ म्हणतो, प्योबाई दुकान चालवत नाहीत, अंगात घालतात.

भांडायला आलेली पोरगी होती मो हारान. एकोणीस वर्षांची, कमरेपर्यंत दाट केस, बोटांना सतत चाळा. संगणकावरच्या पाच विरुद्ध पाच अशा गोळीबाराच्या खेळात तिचं नाव निघायला लागलं होतं. तिला हवा होता वरच्या फळीवरचा काळा डबा. त्यावर विजेत्याचा फोटो, आत रंगीत दिव्यांचा हेडफोन, आणि सात दिशांनी आवाज येतो असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं.

"सात दिशा!" मालसुक म्हणाली. "दोन कानांच्या माणसाला सात दिशा विकतात मेले. सगळ्या आवाजांचा लगदा होतो आत. वर ढमढम एवढी वाढवलीय की बॉम्ब फुटला की मजा वाटते, पण तिच्याखाली शत्रूचं पाऊल बुडतं. आणि पावलासाठीच घेतेस ना तू? वजन बघ त्याचं. डोक्याला कोबीचा गड्डा बांधून तीन तास बसणारेस?"

"बसेन. निदान दोन्ही बाजूंनी ऐकू तरी येईल."

"म्हणजे?"

हारानने पिशवीतून एक हेडफोन काढून काचेवर ठेवला. त्याच्या शेजारी आधीच एक पडला होता. तो तिने मागच्या आठवड्यात परत आणला होता.

"हाही तसाच निघाला. उजव्या बाजूनं बहिरा."

समोर योम शेठ ब्रशने कीबोर्ड झाडत होता. त्याचा ब्रश थांबला. पलीकडच्या तारांच्या गाळ्यातलं डोकंही बाहेर आलं. कारण हे वाक्य त्या मजल्यावर एकोणतीस वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं.

दोन्ही हेडफोनच्या दांडीवर आतल्या बाजूला मसुरीएवढा लाल ठिपका होता. मालसुकच्या दुकानातला एकही डबा न उघडता जात नाही. ती आधी आतला हेडफोन स्वतः कानावर चढवते, डोळे मिटते आणि ऐकते. डावं-उजवं तोलून बघते, खरखर शोधते, आणि मन भरलं की ठिपका लावते. मन भरलं नाही तर माल कारखान्याला परत. दुनिया घरबसल्या फोनवरून खरेदी करायला लागली, मजल्यावरचे निम्मे गाळे ओस पडले, तरी अर्ध्या सोलमधली खेळणारी पोरं हा बंद जिना चढून येतात ती या ठिपक्यासाठी. 'मावशीनं ऐकलेला आहे' म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

मालसुकने दुसरा हेडफोन उचलला, कानावर चढवला, डोळे मिटले. मजला तिच्याकडे बघत राहिला.

"सारखा आहे," ती म्हणाली. "केसाएवढाही फरक नाही."

"मग मला का येत नाही ऐकू?" हारानचा आवाज चिरका झाला. "मावशी, व्यावसायिक संघात घेण्याच्या दोन चाचण्या हरले मी. दोन्ही वेळा शत्रू उजवीकडून आला आणि मला पत्ता नाही. प्रशिक्षक म्हणाले, हात सुंदर आहेत, पण उजवीकडे तुझं घर उघडं असतं. शनिवारी अकरा वाजता तिसरी चाचणी आहे. चौथ्यांदा तो संघ कुणालाच बोलवत नाही."

"प्योबाई," योम शेठ समोरून हळूच म्हणाला, "राग मानू नका, पण वय कुणाला चुकलंय? मलाही हल्ली बारीक अक्षर..."

"तुम्ही कीबोर्ड झाडा, योम शेठ!"

तो झाडायला लागला. पण त्याचे शब्द जाऊन बसले ते मालसुकच्या उजव्या कानात.

मालसुककडे आहे काय तर कान. सांगजूजवळच्या खेड्यात पर्सिमनच्या फळबागा राखणाऱ्या बापाची ही चौथी मुलगी. चौथी झाली तेव्हा बापाने हात जोडले आणि 'ही शेवटची' अशा अर्थाचं नाव ठेवलं. पाठोपाठ पाचवी झालीच, ती गोष्ट वेगळी. शिक्षण बेताचं, रूप बेताचं, पण कुठल्या झाडाखाली फळ पडलं ते पोरगी अंधारातही बोट दाखवून सांगायची. एकोणिसाव्या वर्षी ती गुमी शहरातल्या टेपरेकॉर्डरच्या कारखान्यात लागली. तिथे शेवटी एक ऐकायची खोली होती. आठ मुली एका बाकावर बसायच्या आणि प्रत्येक यंत्रावर गाण्याचं तेच अर्धं कडवं वाजवायच्या. दिवसाला नऊशे वेळा. बाकीच्या मुलींना ते गाणं स्वप्नात येऊन छळायचं. मालसुकला मात्र नऊशे वेळा नऊशे वेगळी गाणी ऐकू यायची. मुकादम म्हणायचा, यंत्र बिघडलं तर दुरुस्त करता येईल, या पोरीला सर्दी झाली तर कारखाना बंद ठेवावा लागेल. पुढे कारखाना परदेशी गेला. मालसुक बस चालवणाऱ्या नवऱ्याबरोबर सोलला आली, तिने हा गाळा घेतला आणि कानांवर संसार उभा केला.

आता एकसष्टावं चालू होतं. आणि दोन ठिपके काचेवर परत येऊन पडले होते.

"रुमाल बांध डोळ्यांवर," ती हारानला म्हणाली.

ही तिची जुनी रीत. कोणता हेडफोन द्यायचा हे ठरवायच्या आधी ती गिऱ्हाइकाचे कान बघते. डोळे बांधलेली हारान स्टुलावर बसली. मालसुकने बूट काढून चपला घातल्या आणि ती गाळ्याभोवती मांजरीसारखी फिरू लागली.

"मी कुठेय?"

"मागे. डावीकडे."

"आता?"

"उजवीकडे. योम शेठच्या बाजूला, दोन पावलांवर."

"आणि आता?"

"तिथेच आहात. नुसता पाय आपटलात."

योम शेठने टाळी वाजवली. "बाई, ही तर तुमचीच मुलगी शोभते!"

मालसुकचं तोंड कडू झालं. पोरीचा कान लखलखीत होता. म्हणजे मग?

"आता हेडफोन घाल."

"मीच घालते. दुसऱ्यानं हात लावला की मला विचित्र होतं." हारानने केसांखालून हेडफोन सरकवला. मालसुकने पावलांचं रेकॉर्डिंग लावलं. ते पंधरा वर्षांपूर्वीचं. मधे दोन माइक ठेवून तिने नवऱ्याला, गिल्सूला, बूट घालून लाकडी फरशीवर दोन तास गोल गोल फिरवलं होतं. तेव्हापासून शेकडो पोरांनी याच पावलांवर कान घासले. गिल्सू घरी आलेल्या प्रत्येकाला सांगतो, निम्म्या शहराच्या पोरांनी मलाच मारायचा सराव केलाय, तरी बघा, ठणठणीत आहे.

"कुठून येतोय?"

"डावीकडून... समोरून... समोरूनच."

समोरून नव्हता. गिल्सू तेव्हा स्पष्ट उजवीकडे चालत होता.

"परत सांग."

"समोरून. लांबून. उजवीकडे काही नाहीच आहे, मावशी. मी खोटं कशाला बोलू?"

मालसुकने रेकॉर्डिंग बंद केलं. पोरगी खोटं बोलत नव्हती हे कळायला कानही लागत नव्हते. तिचा कान उत्तम आणि तिला उजवीकडे कमी येतंय. मग हेडफोन खरंच उजवीकडे कमजोर आहे आणि तो कमजोरपणा ऐकू येत नाहीये तो प्यो मालसुकला. हिशेब सरळ होता.

"शनिवारपर्यंत तुला हेडफोन मिळेल," ती म्हणाली. "हे दोन्ही इथेच राहू देत."

"आणि तो काळा डबा?"

"ऊठ. गिऱ्हाइकं खोळंबलीत."

गिऱ्हाइक एकही नव्हतं.

संध्याकाळी घरी गिल्सूने मुळ्याचं सूप केलं होतं. बस चालवणं सोडल्यापासून स्वयंपाकघर त्याच्याच ताब्यात आहे.

"मीठ कमी आहे का गं?"

"काय म्हणालात?"

"मीठ, मीठ!"

"ओरडता कशाला? ऐकू येतं मला!" मालसुकने चमचा आपटला. "तुम्ही उजव्या बाजूला बसून पुटपुटता हल्ली."

"मी तीस वर्षं उजव्याच बाजूला बसतोय."

"अहो, तेच म्हणतेय मी!"

गिल्सूने तिच्याकडे बघितलं, वाटी उचलली आणि टेबलाला वळसा घालून डावीकडे येऊन बसला. मालसुकला हसूही आलं आणि रडूही.

बुधवारी सकाळी ती दुकानाऐवजी गल्लीतल्या कानाच्या डॉक्टरकडे गेली. चिठ्ठीवर सात नंबर. भिंतीवर एका आजोबांच्या कानातल्या यंत्राची जाहिरात. आजोबा एवढे आनंदाने हसत होते की मालसुकला त्यांचा राग आला. पाच गेला, सहा गेला. "सात नंबर, प्यो मालसुक!" बाईने हाक मारली. हाक दोन्ही कानांना व्यवस्थित ऐकू आली, आणि मालसुक उठून सरळ बाहेर निघून आली. तिने स्वतःची समजूत घातली की भिंग आपल्याकडे असताना हिरा पारखायला सोनाराकडे कशाला न्यायचा. आधी पोरगी खेळते तिथलं यंत्र बघू. तिथल्या हेडफोन लावायच्या भोकातच खोट असली तर? दुकानातही पोरीला ऐकू आलं नव्हतं, हे ती सोयीने विसरली.

म्हणून दुपारी, दोन्ही हेडफोन पिशवीत टाकून, ती मांगवन भागातल्या पीसी-बांगमध्ये, म्हणजे तासावर संगणक भाड्याने देणाऱ्या खेळाच्या अड्ड्यावर, पोचली. हारान दोन ते सहा तिथेच कामाला असते, हे बोलण्यात आलं होतं.

लांबलचक अंधारी खोली, रांगेने ऐंशी पडदे, ऐंशी डोकी आणि तळलेल्या कांद्याचा वास. आयुष्यभर मालसुकने असल्या जागांना हेडफोन पुरवले, शेकड्यांनी पुरवले. पण खुर्चीत बसायची वेळ आज पहिल्यांदा आली. त्रेचाळीस नंबरच्या खुर्चीत ती बसली, तर खुर्ची मागे कलली आणि मालसुकचे पाय वर.

"आजी, डाव्या हाताखाली कळ आहे," शेजारच्या बेचाळीस नंबरने एका कानावरची वाटी उचलून, पडद्यावरची नजर न काढता सांगितलं.

"आजी असेल तुझी आजी."

"बरं, मावशी. खेळणार काय?"

"खाणार आहे. कसं मागवायचं?"

त्याने तिच्या पडद्यावर दोन बोटं मारली. अंडं घातलेल्या रामयन नूडल्सचं चित्र आलं, तिने ते दाबलं, आणि समोरच्या काउंटरवर घंटी वाजली. टिंग-टाँग.

काउंटरमागे हारान बसली होती. स्वयंपाकाचा नियम म्हणून सगळे केस वर बांधून टोपीत कोंबलेले. कामाच्या अधेमधे तिथल्याच यंत्रावर तिचा सराव चालू होता. टिंग-टाँग झालं मात्र, पोरगी स्प्रिंगसारखी उठली. पातेलं, पाणी, मसाला, अंडं. चार मिनिटांत रामयन तयार, दुसऱ्या पोऱ्याच्या हाती रवाना, आणि परत खुर्चीत. हेडफोन डोक्यावर चढवला, दोन्ही कानांवर नीट बसवला.

मालसुकने मान डोलावली. आणि तेवढ्यात तिला ते दिसलं.

खेळ सुरूही झाला नव्हता. हारानचा उजवा हात वर गेला, कपाळावरची बट मागे सारावी तसा, आणि उजव्या कानावरची वाटी दोन बोटं मागे सरकवून खाली आला. वाटी कानावरून उतरून मागच्या हाडावर बसली. कान अर्धा उघडा. पोरीचं लक्षही नाही. डोळे पडद्यावर, बोटं कीबोर्डवर.

टिंग-टाँग. उठली. चिप्स तळले. आली. हेडफोन दोन्ही कानांवर. आणि हात वर, वाटी दोन बोटं मागे.

कामाला लागल्यापासून चौदा महिने ही पोरगी घंटीकडे कान ठेवून खेळत आली होती. काउंटरवरची घंटी तिच्या उजव्या हाताला होती.

मालसुक हसली. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कलत्या खुर्चीत पाय वर करून एकसष्ट वर्षांची बाई खदाखदा हसत होती, आणि त्या खोलीतल्या ऐंशीपैकी एकालाही ते ऐकू गेलं नाही. सगळ्यांचे कान बंद होते. निम्म्यांच्या कानांवर तिनेच विकलेला माल होता.

ऐकू गेलं ते एकीलाच. अर्ध्या उघड्या कानाची हारान वळून बघत होती.

"मावशी? तुम्ही इथे?"

मालसुक उठून काउंटरशी आली. "उजवा कान कुठेय गं तुझा?"

"कुठे म्हणजे? डोक्याला."

"आणि हेडफोन?"

"कानाव..." हारानचा हात वर गेला आणि हाडावर थांबला. तिने वाटी चाचपली. कान चाचपला. परत वाटी चाचपली. "हे मी नाही केलं."

"मग कुणी केलं? योम शेठने?"

"मी असं करतच नाही, मावशी!"

"आत्ता दोनदा केलंस. काल माझ्या दुकानातही केलं असशील, केसांखाली दिसलं नाही मला. दोन चाचण्यांतही केलंस."

"पण तिथे कुठे घंटी होती?"

"हाताला काय ठाऊक? हात नोकरी करतोय तुझा, इमाने इतबारे."

हारान मटकन बसली. मग तिच्याही लक्षात गंमत आली आणि दोघी काउंटरच्या दोन बाजूंना हसत सुटल्या. टिंग-टाँग वाजलं. दोघींनी एकदम घंटीकडे बघितलं.

"जा, तळ आधी," मालसुक म्हणाली. "आणि सुटलीस की दुकानात ये."

परतीच्या बसमध्ये तिचं हसू ओसरलं आणि डोकं चालू झालं. पोरीला खोड सांगून भागणार नव्हतं. दोन दिवसांत चौदा महिन्यांचा हात कसा सुटणार? आणि आणखी एक काटा टोचायला लागला. एकोणतीस वर्षं ती प्रत्येकाला एकच मंत्र देत आली: बंद वाटीचा घे, जाड गादीचा घे, कान बंद तर डोकं शांत. खेळ कोणता, डोकं केवढं, चष्मा आहे का, सगळं विचारलं. कुठे बसून खेळतोस, एवढं कुणालाच विचारलं नव्हतं.

दुकानात आल्याबरोबर तिने खालची फळी उपसली. योम शेठ मान लांब करून बघत होता.

"काय हरवलं, प्योबाई?"

"हे." तिने धूळ पुसून एक राखाडी हेडफोन वर धरला. वाट्यांच्या बाहेरच्या बाजूला बंद झाकण नाही, नुसती बारीक जाळी.

"ती चाळणी? सहा वर्षं पडलीय. बाहेरचं सगळं आत येतं म्हणून तुम्हीच लोकांना नको म्हणायचात."

"तेव्हा मी मूर्ख होते."

योम शेठच्या हातून ब्रश पडला. त्या मजल्यावर हेही वाक्य पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं.

पावणेसातला हारान आली ती हातात चिकटपट्टी घेऊन. "मी ठरवलंय, मावशी. हेडफोन कानाला चिकटवूनच टाकते."

"आणि केसांसकट उपटून काढशील. बस. हा घाल. मी घालते, आज विचित्र वाटलं तरी चालेल."

"अय्या, किती हलका! पण मावशी, यातून तर सगळंच आत येतंय. योम शेठ नाक शिंकरतायत तेही."

"येऊ दे की! घंटी पण येऊ दे. दोन्ही कान झाकून घंटी ऐकू आली, तर हाताला वर जायचं कारणच काय उरलं?"

हारानने जाळीवर बोट फिरवलं. "आणि शत्रूचे पाय?"

"चाचणी कुठे असते? स्टेजवर?"

"नाही. संघाच्या घरी. पाचजण बंद खोलीत, प्रशिक्षक मागे. शांत असतं."

"मग बंद वाटी हवी कशाला तुला? उलट यात आवाज मोकळा फिरतो. बांध रुमाल."

गिल्सू चालू लागला. डावीकडून, मागून, समोरून.

"आता?"

"उजवीकडे! मागे, उजवीकडे!" हारान स्टुलावरच उडाली. "मावशी, आहे! उजवी बाजू आहे मला!"

"ओरडू नकोस. योम शेठ, पेल्यावर चमचा वाजवा."

"कसा?"

"घंटीसारखा वाजवा, कसा म्हणजे काय!"

योम शेठने कॉफीच्या पेल्यावर चमचा मारला. टिंग. हारानचा उजवा हात मांडीवरून उठला. खांद्यापर्यंत आला. तिथे घोटाळला, शाळेत चुकून वर केलेल्या हातासारखा. मग आपसूक खाली गेला.

"परत," मालसुक म्हणाली.

टिंग. हात कोपरापर्यंत.

"परत."

तारांच्या गाळ्यातला गडी, जिन्यातला कॉफी विकणारा, डोक्यावर जेवणाची थाळी घेऊन निघालेली बाई, सगळे घोळका करून उभे. योम शेठला चेव चढला होता. तो पेला वाजवत होता, बरणी वाजवत होता, कीबोर्डचा डबा वाजवत होता. विसाव्या वेळेला हारानचा हात मांडीवर गप्प पडून राहिला, आणि मजल्याने जल्लोष केला.

"उद्या आणि परवा कामावर हाच घाल," मालसुकने बजावलं. "आणि ऐक, ही चाळणी कायमची नाही. पुढे मोठ्या स्टेजवर गेलीस, समोर हजार लोक ओरडायला लागले, की हिचा उपयोग शून्य. तेव्हा माझ्याकडे ये. तेव्हा वेगळं बघू."

"तेव्हा तो काळा डबा?"

"तेव्हाही नाही."

हारान हसली. मग काचेवरच्या दोन हेडफोनकडे बघून तिची मान खाली गेली. "मावशी, हे दोन्ही चांगले होते ना?"

"उत्तम आहेत."

"मी सगळ्यांसमोर त्यांना बहिरे म्हटलं."

"म्हटलंस खरं," मालसुक म्हणाली, आणि राखाडी दांडीच्या आत लाल ठिपका चिकटवला. तो लावण्याआधी तिने हेडफोन नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ कानाला धरला होता. एकदा सरळ, मग उलटा करून, डावी वाटी उजव्या कानावर. योम शेठ बघत होता.

शनिवारी मालसुकच्या हातून एक काम धड झालं नाही. तिने बार्लीच्या चहात कॉफीची पुडी ओतली. एका चष्मेवाल्याला मऊ गादीच्या जागी चामड्याची दिली, त्याला परत बोलावून बदलून दिली. अकरा वाजले. बारा वाजले. गिल्सू डबा घेऊन आला, त्यात आज किम्बापचे, शेवाळाच्या पानात गुंडाळलेल्या भाताचे, तीन माणसांना पुरतील एवढे तुकडे.

"तिसरं कोण?" मालसुकने विचारलं.

"जिंकली तर येईलच. हरली तर तिला जास्त भूक असेल."

दीडला जिन्यावर पावलं वाजली. मालसुकने डोळे मिटले. दोन-दोन पायऱ्या सोडून, डावा पाय जरा जड. "तीच आहे," ती म्हणाली. "आणि रडत नाहीये."

हारान आली ती घामाने डबडबलेली, राखाडी हेडफोन गळ्यात.

"बोल गं बाई!"

"पाणी... पाणी द्या आधी..."

"बोल आधी, मग पाणी!"

"शेवटचा डाव. आमचे चौघं मेले. मी एकटी, समोर दोघं. एकाला उडवला. दुसरा कुठेच नाही. मी भिंतीला पाठ लावून बसले, श्वास बंद. आणि मागून, उजवीकडून, इतका हलका, इतका हलका..." ती जिन्याच्या तोंडाशी उकिडवी बसली, काल्पनिक बंदूक छातीशी धरून. सगळा मजला तिच्याबरोबर खाली वाकला. "एक पाऊल. मी वळले. धाड!"

योम शेठने कीबोर्डवर मूठ आपटली. दोन बटणं उडाली.

"प्रशिक्षक म्हणाले, कसं कळलं तुला? माझ्या तोंडून निघून गेलं, गिल्सू काकांसारखा चालत होता म्हणून."

"काय?" गिल्सू ताठ झाला. "म्हणजे शेवटी मलाच मारलंस?"

"तुम्हालाच, काका!"

"मग घेतलं का?" मालसुकने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"राखीव म्हणून. तीन महिने. सोमवारपासून." हारानने उजवा हात वर केला आणि सगळ्यांना दाखवला. "आणि हा एकदाही हलला नाही. एकदाही नाही, मावशी!"

मग काय विचारता! गिल्सूने पोरीच्या तोंडात किम्बापचा तुकडा कोंबला. कॉफीवाल्याने सगळ्यांना एकेक पेला वाटला, तारांच्या गाळ्यातून तांदळाच्या वड्या आल्या. हारान तोंड भरलेलं असतानाच उठली, तिने मजल्याकडे तोंड केलं आणि घसा खाकरला.

"ऐका सगळे! मंगळवारी मी म्हटलं होतं की मावशीच्या ठिपक्याचे दोन हेडफोन उजवीकडून बहिरे आहेत. ते बहिरे नव्हते. मी बहिरी होते." आणि तिने कमरेत वाकून, अगदी जमिनीला केस लागेपर्यंत, मालसुकला नमस्कार केला.

"ऊठ, ऊठ, फरशी घाण आहे," मालसुक म्हणाली. एवढंच. पण तिचे दोन्ही कान लालबुंद झाले होते आणि ते तिलाही कळत होतं.

घोळका पांगला. हारान बापाला बातमी सांगायला पळाली. गिल्सू डबा आवरत होता. मालसुक काच पुसत होती, पुसलेलीच परत पुसत होती. योम शेठ उडालेली बटणं शोधत शोधत तिच्या गाळ्याशी आला आणि कोपर टेकून उभा राहिला.

"प्योबाई, एक विचारू? तीस वर्षांची ओळख आहे, खरं सांगा. मंगळवार ते बुधवार, तेवढा एक दिवस तरी... वाटलं होतं ना, की आपलेच कान गेले?"

मालसुकने फडकं चार घड्या करून ठेवलं. गिल्सूच्या हातातला डबा घेतला, नवऱ्याला आपल्या उजव्या बाजूला घेऊन त्याच्या दंडात हात अडकवला, आणि योम शेठकडे न बघता ती गिल्सूसह जिना उतरून गेली.